मेघाच्या पोटातील भोवरा

१८ मार्च १९२५ रोजी दुपारी एकच्या सुमारास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसूरी राज्यात एक टोर्नेडो जमिनीला टेकला आणि ईशान्येच्या रोखाने निघाला. मिसिसिपी नदी ओलांडून तो इलिनॉय राज्यात शिरला, ते राज्य आडवे कापून इंडियाना राज्यात पोहोचला आणि साडेतीन तासांनी तेथे विरून गेला. तेवढ्या वेळात त्याने सुमारे ३५० किलोमीटरांची वाट उद्ध्वस्त केली होती. ताशी १०० किलोमीटर हा त्याचा सरासरी वेग. त्या काळच्या पुष्कळशा आगगाड्यांनाही त्याला गाठता आले नसते. त्याच्या तडाख्यात ६९५ माणसे मृत्युमुखी पडली. एकट्या मर्फिझबरो या गावी मृतांची संख्या २३४ होती.

मर्फिझबरोवर हा घाला पडला तो अडीच वाजून गेल्यावर. म्हणजे टोर्नेडो जन्माला येऊन दीड तास लोटला होता. दीड तास ही काही थोडी सवड नव्हे. तेवढ्यात माणसे तळघरांत उतरली असती, शाळांतील मुले सुरक्षित जागी नेता आली असती. परंतु तो येत आहे हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. मागील गावांतील तारा तुटलेल्या होत्या. पुढील गावांतील लोकांनी आकाशाकडे पाहिले, तेव्हा त्यांना ओळखीचा सोंडेसारखा आकार दिसलाच नाही. दिसला तो जमिनीलगत लोटत येणारा काळोख. तो पाऊस असावा असे पुष्कळांना वाटले.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्या काळी अमेरिकेचे सरकारी हवामान खाते आपल्या अंदाजांत ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरीत नसे. हा शब्द कानी पडताच लोक भयभीत होतील आणि त्यांच्या धावपळीने वादळापेक्षा अधिक हानी होईल, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. ही समजूत आज विचित्र वाटते. पण ती अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. टोर्नेडो केव्हा व कोठे उद्भवेल हे सांगण्याचे साधनच हाती नसताना इशारा देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होते. जनतेला या शब्दानिशी इशारा देण्याची मोकळीक १९५० साली मिळाली. तेव्हा हवामानशास्त्राच्या हाती एक नवे साधन नुकतेच आले होते. ते साधन म्हणजे रडार.

रडारकडे वळण्यापूर्वी टोर्नेडो म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. चैत्र-वैशाखात तापलेल्या माळावर धूळ, पाचोळा आणि कागदाचे कपटे गरगरा उडवीत जाणारी वावटळ सर्वांच्या परिचयाची आहे. ती निरभ्र आकाशाखाली, तापलेल्या जमिनीपासून उठते आणि क्षणार्धात मोडते. टोर्नेडो ही तिची मोठी बहीण आहे असे दिसायला वाटते, परंतु दोघींचे कुळ वेगळे. टोर्नेडो जमिनीतून वर जात नाही. त्याचे मूळ वर, गडगडाटी मेघाच्या पोटात असते. तसेच बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात उठणारे चक्रीवादळ आणि टोर्नेडो यांचीही गल्लत करू नये. चक्रीवादळाचा घेर शेकडो किलोमीटर असतो आणि ते अनेक दिवस टिकते. टोर्नेडोची रुंदी बहुधा काहीशे मीटर असते, आणि त्याचे आयुष्य बहुधा काही मिनिटांचे. मात्र त्या चिंचोळ्या पट्ट्यात वारा असा काही भयंकर असतो, की घरांचा पाया तेवढा मागे राहतो.

टोर्नेडो जगाच्या अनेक भागांत होतात. बांगलादेशातील मानिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या टोर्नेडोत सुमारे १३०० माणसे दगावली. तरीही अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानांइतके ते कोठेही होत नाहीत. त्या देशात दरवर्षी सुमारे १२०० टोर्नेडोंची नोंद होते. याचे कारण त्या भूमीच्या रचनेत आहे. दक्षिणेस मेक्सिकोचे आखात आहे. तेथून उबदार, दमट हवा मैदानावर येते. पश्चिमेस रॉकी पर्वताच्या रांगा आहेत. त्या बाजूने कोरडी हवा येते, आणि तिच्याही वर, उंचावर, थंड वारे वेगाने वाहत असतात. खाली उबदार व दमट, वर थंड व कोरडी, अशी हवेची मांडणी झाली, की खालची हलकी हवा उसळी मारून वर जाऊ पाहते आणि दहा-पंधरा किलोमीटर उंचीचे गडगडाटी मेघ उभे राहतात.

पण मेघ उभा राहणे वेगळे आणि तो फिरू लागणे वेगळे. जमिनीलगतचा वारा दक्षिणेकडून मंद वाहत आहे आणि वरचा वारा पश्चिमेकडून जोराने वाहत आहे, अशी कल्पना करा. पोळपाटावरील लाटण्यावर तळवा ठेवून तो पुढे सरकवला, तर लाटणे गोल फिरते; कारण त्याची वरची बाजू पुढे रेटली जाते आणि खालची अडून राहते. वेगवेगळ्या गतीने वाहणाऱ्या वाऱ्यांमधील हवाही अशीच आडवी लोळू लागते. तिच्याखाली जर मेघाचा वर उसळणारा झोत आला, तर तो हे आडवे लाटणे उचलून उभे करतो. मग मेघाचा सारा झोतच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा फिरत्या मेघास ‘सुपरसेल’ असे नाव आहे. त्याच्या पोटातील हा भोवरा कित्येक किलोमीटर रुंद असतो. मोठे विध्वंसक टोर्नेडो बहुतेक अशाच मेघांतून निपजतात.

हा भोवरा बाहेरून सहसा दिसत नाही. मेघ पावसाच्या पडद्याने वेढलेला असतो. पुष्कळदा रात्रही असते. तेव्हा पोटात डोकावण्याचे काम रडारला करावे लागते.

रडारची मूळ कल्पना सोपी आहे. डोंगरासमोर उभे राहून हाक मारली, की थोड्या वेळाने प्रतिध्वनी ऐकू येतो. आणि तो किती वेळाने आला यावरून डोंगर किती दूर आहे हे काढता येते. रडार ध्वनीऐवजी रेडिओलहरींची हाक मारते. या लहरी सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर वेगाने जातात. दीडशे किलोमीटर दूरच्या पावसावर आपटून परत यावयास त्यांना एका सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. रडारची मोठी तबकडी गोल फिरत फिरत चहूदिशांना अशा लहरींचे तुटक तुटक झोत फेकते आणि प्रत्येक झोतानंतर गप्प राहून कान देते. अमेरिकेतील सध्याच्या हवामान रडारचा हिशेब मोठा मौजेचा आहे. तासाभरात ते प्रत्यक्ष लहरी सोडते ती सर्व मिळून अवघी सात सेकंदे. उरलेली ५९ मिनिटे ५३ सेकंदे ते केवळ ऐकत असते.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हुडकण्यासाठी रडारचा उपयोग होऊ लागला, तेव्हा पडद्यावर विमानांच्या जोडीला पावसाचेही ठिपके उमटत. त्या ठिपक्यांत विमाने हरवत, म्हणून सैनिक त्यांना वैतागत असत. युद्ध संपल्यावर तीच अडचण हवामानशास्त्रज्ञांच्या कामी आली. सैन्याची काही रडारे त्यांच्याकडे आली आणि पावसाचे स्थान, त्याचा विस्तार व त्याचा जोर त्यांना दुरून पाहता येऊ लागला. यांत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर त्याच्याकडून परत येणारी शक्ती दुप्पट किंवा चौपट होत नाही. ती चौसष्टपट होते. त्यामुळे रिमझिम पाऊस पडद्यावर फिका दिसतो आणि टपोऱ्या थेंबांचा किंवा गारांचा वर्षाव झगझगीत दिसतो.

टोर्नेडोची खूण रडारवर प्रथम सापडली ती मात्र योगायोगाने. इलिनॉय राज्यातील शॅम्पेन येथे पाऊस मोजण्याच्या कामासाठी एक रडार बसविले होते. ९ एप्रिल १९५३ रोजी डोनाल्ड स्टॅग्ज हे त्या रडारच्या दुरुस्तीचे काम पुरे करीत होते. वादळे हुडकणे हे काही त्या दिवसाचे त्यांचे काम नव्हते. पडद्यावरील एका मेघाचा आकार त्यांना चमत्कारिक वाटला. मेघाच्या कडेतून एक शेपूट बाहेर निघाले होते, आणि पाहता पाहता ते वळून आकडीसारखे झाले. चिंचेची उंच फांदी ओढण्यासाठी काठीला बांधतात तशी आकडी. स्टॅग्ज यांनी यंत्र बंद केले नाही. ते पडद्याची चित्रे फिल्मवर नोंदवीत राहिले. मागाहून नकाशाशी ताडून पाहिले, तेव्हा ती आकडी जेथून गेली तेथूनच एक टोर्नेडो गेल्याचे आढळले. दुरुस्ती झाली म्हणून कळ दाबून ते घरी गेले असते, तर ही खूण सापडण्यास आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे.

ही आकडी का बनते? मेघातील भोवरा फिरताना आपल्या मागील अंगाचा पाऊस स्वतःभोवती ओढून घेतो. पावसाची ती पट्टी भोवऱ्याला वळसा घालते आणि रडारच्या पडद्यावर तिचा आकार आकडीसारखा दिसतो. मेघ ईशान्येकडे सरकत असेल, तर आकडी बहुधा त्याच्या नैर्ऋत्य अंगास असते. आकडीच्या पोटातील मोकळ्या जागी पाऊस नसतो, पण म्हणून ती जागा शांत समजू नये. तेथूनच उबदार हवा प्रचंड वेगाने वर घुसत असते. ९ जुलै १९५९ रोजी इंग्लंडमधील वोकिंगहॅम येथे झालेल्या गारांच्या वादळाचा अभ्यास करताना कीथ ब्राउनिंग व फ्रँक लडलम या शास्त्रज्ञांना मेघाच्या आत अशीच एक कमानीसारखी पोकळी आढळली. हवेचा झोत तेथे इतका जोरदार असतो, की थेंब मोठा होण्यापूर्वीच वर फेकला जातो. म्हणून रडारला ती जागा रिकामी दिसते. मेघाच्या चित्रात भरलेल्या भागाइतकेच रिकाम्या भागालाही महत्त्व असते, हे तेव्हापासून अभ्यासक शिकले.

तरीही आकडीवर सर्वस्वी विसंबता येईना. कित्येक टोर्नेडोंच्या वेळी ती दिसली नाही. कित्येकदा ती दिसली आणि टोर्नेडो झाला नाही. शिवाय ती स्पष्ट होईपर्यंत टोर्नेडो जमिनीवर उतरलेलाही असे. खरी अडचण ही होती, की जुने रडार पाऊस कोठे आहे एवढेच दाखवी. वारा कसा वाहतो आहे हे त्याला दाखविता येत नसे. ती उणीव भरून काढली एका शतकापूर्वीच्या शोधाने.

स्टेशनाच्या फलाटावर उभे असताना शिटी वाजवीत एखादी गाडी न थांबता निघून गेली, तर एक गोष्ट कानांना जाणवते. गाडी जवळ येत असते तेव्हा शिटीचा स्वर चढा असतो. ती पुढे निघून जाताच तो एकदम उतरतो. इंजिनातील शिटी तीच असते. गाडी येत असताना ध्वनीच्या लहरी जवळ जवळ दाटतात, जात असताना त्या लांबतात, एवढाच फरक. ऑस्ट्रियातील ख्रिस्तियान डॉप्लर या शास्त्रज्ञाने हा नियम १८४२ साली मांडला. १८४५ साली हॉलंडमध्ये आगगाडीत कर्णे वाजविणारी माणसे बसवून व रुळांच्या कडेला स्वरांचे जाणकार उभे करून त्याची प्रचीती घेण्यात आली. ध्वनीला लागू असणारा हा नियम रेडिओलहरींनाही लागू आहे. रडारकडे येणाऱ्या थेंबावरून परतलेली लहर किंचित दाटलेली असते. दूर जाणाऱ्या थेंबावरून परतलेली किंचित लांबलेली. हा फरक मोजणाऱ्या रडारला डॉप्लर रडार म्हणतात. भारतात पहिले डॉप्लर हवामान रडार २००२ साली चेन्नई येथे बसले; मुंबई व नागपूर येथील रडारेही याच तत्त्वावर चालतात.

मात्र डॉप्लर रडारला सर्व दिशांचा वारा दिसत नाही. आपल्या दिशेने येणारा आणि आपल्यापासून दूर जाणारा, एवढेच त्याला कळते. समोरून आडवा जाणारा वारा त्याच्या लेखी स्थिर असतो. मग भोवरा कसा ओळखावा? जत्रेत लाकडी घोड्यांचे गोल चक्र फिरत असते, त्याकडे थोड्या अंतरावरून पाहावे. चक्र डावीकडून आपल्याकडे येत उजवीकडून पलीकडे जात असेल, तर एकाच वेळी डाव्या कडेचे घोडे आपल्याकडे येताना दिसतील आणि उजव्या कडेचे दूर जाताना. अमेरिकेतील रडारच्या चित्रात जवळ येणारा वारा हिरव्या रंगाने आणि दूर जाणारा तांबड्या रंगाने दाखवितात. एरवी हे दोन रंग मोठमोठ्या पट्ट्यांत विखुरलेले असतात. परंतु एखाद्या लहानशा जागी गर्द हिरवा आणि गर्द तांबडा ठिपका एकमेकांना अगदी चिकटून दिसले, तर तेथे हवा फिरत आहे असे ओळखावे. ही जोडी जितकी लहान आणि रंग जितके गडद, तितका भोवरा आवळलेला व बलवान.

या पद्धतीचा पहिला आशादायक पुरावा १० जून १९५८ रोजी मिळाला. कॅन्ससमधील एल डोरॅडो गावाजवळच्या टोर्नेडोत एका साध्या डॉप्लर रडारने ताशी सुमारे ३३० किलोमीटर वेगाचे वारे मोजले. पण टोर्नेडो उतरण्यापूर्वी त्याची चाहूल लागावी, ही खरी आकांक्षा होती. ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन या गावी १९६४ साली उग्र वादळांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली होती. तेथील शास्त्रज्ञांनी विमानदलाने टाकून दिलेले एक जुने रडार आणून उभे केले. २४ मे १९७३ रोजी तेथून पन्नास किलोमीटरांच्या आत, युनियन सिटी गावावर टोर्नेडो आला. योगायोग असा, की प्रयोगशाळेची माणसे त्याच वेळी मोटारींतून त्या मेघाच्या मागावर होती. मेघाखाली उभे राहून ती टोर्नेडोचे चित्रीकरण करीत होती आणि नॉर्मनचे रडार त्याच मेघाचे वारे नोंदवीत होते. टोर्नेडोच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतचा सगळा प्रवास असा दोन्ही बाजूंनी प्रथमच टिपला गेला.

पुढे शास्त्रज्ञांनी त्या नोंदी उलगडून मांडल्या, तेव्हा त्यांना आकड्यांत एक नवलाची गोष्ट दिसली. मेघाच्या मध्यावर, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाऱ्याचे मोठे आकडे अगदी शेजारी शेजारी आले होते. टोर्नेडो जमिनीला टेकण्यापूर्वी वीस मिनिटांहून अधिक काळ ही खूण तेथे होती, आणि ती हळूहळू खाली उतरत आली होती. मर्फिझबरोच्या लोकांना जे मिळाले नव्हते ते येथे आकड्यांच्या रांगेत पडलेले होते. त्यानंतर या पद्धतीचे आणखी प्रयोग झाले आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत त्या देशात सुमारे १६० डॉप्लर रडारांचे जाळे उभे राहिले.

आता हे चित्र वाचणाऱ्याच्या जागी क्षणभर बसून पाहावे. मे महिन्याची संध्याकाळ आहे. पडद्यावर पाच-सहा मेघ आहेत. हवामानतज्ज्ञ प्रथम त्यांचा आकार पाहतो; एकाच्या नैर्ऋत्य कडेला आकडी वळू लागली आहे. मग तो वाऱ्याचे चित्र पुढे घेतो. आकडीच्या टोकाशी हिरवा व तांबडा ठिपका शेजारी आहेत. तबकडी दर फेरीला थोडी वर उचलली जाते, म्हणून त्याला मेघाचे थरांवर थर पाहता येतात. भोवरा केवळ वरच्या थरांत आहे, की खालपर्यंत आला आहे? मागील फेरीपेक्षा तो आवळला आहे, की सैल झाला आहे? सगळे थर पाहून होण्यास रडारला चार ते सहा मिनिटे लागतात, आणि एखादा टोर्नेडो तेवढ्यात जन्मून मरूनही जातो. पुढील चित्राची वाट पाहावी, तर मिनिटे जातात. न पाहता भोंगे वाजवावे, तर कदाचित काहीच होणार नाही.

आणि बहुधा काहीच होत नाही, हेच या कामातील मोठे दुखणे आहे. फिरणाऱ्या मेघांपैकी थोड्यांतूनच टोर्नेडो निघतो. अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन मेघांपैकी एकाचा भोवरा जमिनीपर्यंत का उतरतो आणि दुसऱ्याचा वरच का राहतो, याचे संपूर्ण उत्तर अजून शास्त्राला मिळालेले नाही. त्यामुळे टोर्नेडोच्या चार इशाऱ्यांपैकी सुमारे तीन फुकट जातात. लोक भोंगा ऐकतात, तळघरात जातात, परत येतात. पुन्हा भोंगा होतो, पुन्हा काही घडत नाही. मग कान सरावतात.

२२ मे २०११ रोजी मिसूरी राज्यातील जोप्लिन शहरात याची फार मोठी किंमत मोजावी लागली. टोर्नेडो जमिनीला टेकण्यापूर्वी १७ मिनिटे इशारा देण्यात आला होता. रडारने आपले काम केले होते. तज्ज्ञांनीही केले होते. परंतु पहिला भोंगा ऐकताच आश्रयाला गेलेले लोक थोडे होते. बहुतेकांनी आधी खिडकीतून डोकावून पाहिले, दूरचित्रवाणी लावली, शेजाऱ्यांना विचारले. त्या टोर्नेडोत १५८ माणसे प्रत्यक्ष बळी पडली. पुढे झालेल्या चौकशीत ही गोष्ट स्पष्टपणे नमूद करण्यात आली. त्या लोकांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे. पण ज्याने आयुष्यात वीस वेळा भोंगा ऐकला आणि वीसही वेळा आकाश निवळलेले पाहिले, त्याने एकविसाव्या वेळी खिडकीशी जाणे हे मनुष्यस्वभावाला धरूनच होते.

रडारची आणखी एक मर्यादा आहे. ती यंत्राची नव्हे, पृथ्वीची. लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल असल्यामुळे जमीन त्यांच्याखालून वळत जाते. शिवाय झोत जमिनीवर आपटू नये म्हणून तो किंचित वर रोखलेला असतो. परिणामी, शंभर किलोमीटरांवर सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असतो, आणि तो स्वतः दीड किलोमीटरांहून अधिक रुंद झालेला असतो. दोनशे किलोमीटरांवर ही उंची चार किलोमीटर होते. इतक्या दूरच्या मेघाखाली काय चालले आहे, ते रडारला कळणे शक्य नाही. म्हणून आजही हजारो स्वयंसेवक मेघाच्या तळाशी डोळे लावून गावाबाहेर उभे राहतात व दिसेल ते हवामान कार्यालयास कळवितात. मेघाचे पोट रडार पाहते. त्याचे पाय माणसालाच पाहावे लागतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी रडारच मालमोटारीवर चढवून वादळाजवळ नेले. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातील मूर शहराच्या परिसरात झालेल्या टोर्नेडोत अशा फिरत्या रडारने ताशी ४८० किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा मोजला. त्या एका टोर्नेडोने ३६ माणसे प्रत्यक्ष मरण पावली आणि हजारो घरे मोडली. वाटेत दाट वस्ती होती. सूचना मिळाली नसती तर हा आकडा किती वाढला असता, याची कल्पना करवत नाही.

२०११ ते २०१३ या काळात त्या रडारांत आणखी एक सुधारणा करण्यात आली. पूर्वी ती फक्त आडव्या कंपनांच्या लहरी सोडीत. आता आडव्या व उभ्या अशा दोन्ही सोडू लागली. याचा उपयोग काय? पडणारा मोठा थेंब चित्रात काढतात तसा वर निमुळता नसतो. हवेच्या दाबाने तो पेढ्यासारखा चपटा होतो. त्यामुळे आडवी लहर त्याच्यावरून अधिक जोराने परतते. गार गरगरत पडते, म्हणून तिच्याकडून दोन्ही लहरी साधारण सारख्याच येतात. टोर्नेडोने उडविलेले पत्रे, फळ्या व झाडांच्या फांद्या यांना मात्र ना ठरावीक आकार, ना ठरावीक बाजू. त्यांच्याकडून परतलेल्या लहरींचा मेळच बसत नाही. भोवऱ्याच्या जागी अशा बेमेळ लहरी आल्या, की तेथे पाऊस नव्हे, मोडकी घरे उडत आहेत हे तज्ज्ञ ओळखतो. ज्या घरांचे पत्रे उडाले त्यांना या खुणेचा उपयोग नाही. परंतु वाटेत पुढे असलेल्या गावांना ‘टोर्नेडो होईल’ असे न सांगता ‘टोर्नेडो झाला आहे, तो तुमच्याकडे येत आहे’ असे रात्रीच्या अंधारातही सांगता येते, आणि अशा सूचनेपुढे खिडकीशी उभे राहणारे कमी होतात.

मूर शहरावर २० मे २०१३ रोजी पुन्हा तसाच टोर्नेडो आला. या वेळी तो जमिनीला टेकण्यापूर्वी १६ मिनिटे इशारा गेला होता. तरीही २४ माणसे मृत्यू पावली. त्यांत शाळेत असलेली मुलेही होती. त्यानंतर त्या भागात शाळांतून भक्कम आश्रयखोल्या बांधण्याच्या कामाला वेग आला.

नॉर्मनच्या प्रयोगशाळेत आता निराळ्याच बनावटीच्या रडाराचे प्रयोग चालू आहेत. ही कल्पना युद्धनौकांवरून आली. त्याची तबकडी फिरत नाही. सपाट फळीवर हजारो बारीक लहरीक्षेपक बसविलेले असतात आणि ती फळी जागची न हलता झोताची दिशा विजेच्या साहाय्याने क्षणात बदलता येते. जे चित्र पुरे करण्यास फिरत्या तबकडीला चार-पाच मिनिटे लागतात, ते याला एका मिनिटाच्या आत काढता येते. म्हणजे मेघातील भोवरा आवळतो आहे की सैल होतो आहे, हे ठरविण्यासाठी तज्ज्ञाला आज जितका वेळ पुढच्या चित्राची वाट पाहत बसावे लागते, तितक्यात त्याच्यासमोर चार नवी चित्रे आलेली असतील.